बकुळेची कावड

बकुळा मूळची देवासची. तिचे वडील थोरल्या पातीच्या पालखीचे भोई. देवासात तेव्हा गाद्या दोन आणि राजेही दोन. थोरल्या पातीची माणसं वेगळी, धाकटीची वेगळी, पण मिठ्या तलावातली मासळी दोन्हीकडच्या घरांत जायची. पालखीचं काम नसेल त्या दिवशी भोई जाळी घेऊन तलावावर असत. बकुळेच्या बापाला मुलगा झाला नाही. त्यानं त्याची खंत करत बसण्याऐवजी पोरीलाच पाण्यात सोडलं. दहाव्या वर्षी ती असं जाळं फेकायची की पाण्यावर पडताना ते ताटासारखं गोल उघडायचं. काठावरचे म्हातारे भोई आपसात म्हणत, "पोरीचा हात बापावर गेलाय."

बाराव्या वर्षी लग्न होऊन ती धारला आली. सासरचं घरही भोयांचंच. कधीकाळी पवारांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आलेलं, घरात मराठी आणि बाजारात माळवी बोलणारं. पहिल्याच दिवशी सासूनं, भवानीबाईनं, तिला समोर बसवून सांगितलं, "आमच्याकडे बायका पाण्यात उतरत नाहीत. जाळं पुरुषांचं, टोपली बायकांची. समजलं?"

बकुळेनं मान हलवली. पुढची सहा-सात वर्षं ती डोक्यावर टोपली घेऊन धारच्या गल्ल्यांतून मासे विकत हिंडली.

तिचा नवरा खंडोजी उंचापुरा, रुंद खांद्यांचा. पालखीला तो पुढे असायचा. मागच्या भोयांना वाट दिसत नाही, म्हणून पुढच्यानं ती बोलून दाखवायची असते. खड्डा आला, चढ लागला, डावीकडे दगड आहे, असं सगळं एका लयीत सांगत जायचं. खंडोजीचा आवाज त्या कामासाठीच घडवल्यासारखा होता, खोल आणि न ओरडता लांब जाणारा. बकुळा बाजारात असली आणि पालखी वाड्यातून निघाली की तिला दोन गल्ल्यांपलीकडून कळायचं.

बायकोला जाळं टाकता येतं हे त्याला लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं. ती डबा घेऊन धारच्या तलावावर गेली होती. तो एकाच जागी जाळं टाकून कंटाळला होता. तिला राहवलं नाही. म्हणाली, "तिथं नाही. त्या बाभळीच्या सावलीत बघा, पाणी कसं थरथरतंय." त्यानं तिकडं जाळं टाकलं आणि ओढताना त्याला दोन्ही पाय रोवावे लागले. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि ओलं जाळं तिच्या हातात दिलं. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तो तिला तलावाच्या पलीकडच्या टोकाला बोलवायचा. ती जाळं टाकायची आणि तो बघत बसायचा. भवानीबाईला हे माहीत नव्हतं, निदान दोघांचा तसा समज होता.

मग संवत छप्पनचं साल आलं. त्या वर्षी माळव्यात पाऊसच झाला नाही. लोक अजूनही त्या सालाचं नाव घेताना आवाज खाली आणतात. पौषातच तलाव मधल्या डबक्यापुरता उरला. फाल्गुनात तेही गेलं. चिखलात लपून राहणारे मासे असतात, ते लोकांनी कुदळीनं खणून काढून खाल्ले. खंडोजी-बकुळेची दोन वर्षांची मुलगी त्या उन्हाळ्यात गेली. बकुळा पुढे कधी कुणाजवळ तिचं नाव काढत नसे.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलाव काठोकाठ भरला. खंडोजी पहिल्या आठवड्यातच जाळं घेऊन गेला. वर शेवाळ आलं आणि एक फाटकी चप्पल आली. त्यानं दुसरीकडे टाकलं, तिसरीकडे टाकलं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं जाळं खुंटीला लावलं आणि म्हणाला, "पाणी आहे, पण आत कुणी नाही."

पालखीही आता सणासुदीलाच निघायची, वाड्यावर बग्ग्या आल्या होत्या. खंडोजी नालछ्याकडच्या जंगलात सागतोडीवर गेला. जंगलखात्याचा माणूस हातोड्यानं ज्या झाडावर शिक्का मारील तेवढंच झाड तोडायचं, फांद्या छाटायच्या आणि आठ-आठ जणांनी खांद्यावर घेऊन गाडीवाटेपर्यंत आणायचं. तिथून बैलगाड्या महूच्या रेल्वेला जात. ओंडका खांद्यावर घेऊन उतार उतरायचा म्हणजे पुन्हा पालखीचीच विद्या. खंडोजीला तिथंही पुढेच लावत.

अमावास्येला काम बंद असे, तेव्हा तो घरी यायचा. कपड्यांना सागाचा तुरट वास, हाताला चिकाचे काळे डाग. बकुळा विचारायची, "कसं असतं हो तिथं?"

"सावली असते," तो म्हणायचा. "दिवसभर सावलीत काम. मग झाड पडतं आणि एकदम ऊन येतं. जिथं कधी ऊन पोचलं नव्हतं, तिथं. सगळे खूश होतात, जागा मोकळी झाली म्हणून. मला नाही बघवत." मग तो विचारायचा, "तलावात काही हलतं का गं?"

"बेडूक."

चार वर्षं अशी गेली. मग त्या भागातली शिक्क्याची झाडं संपली. त्याच सुमारास एक ठेकेदार नालछ्याला आला. झाबुव्याच्या बाजूला जमिनीतून काळा जड दगड निघतो, तो आगबोटीनं विलायतेला जातो, तिथं पोलाद करायला लागतो, खणायला माणसं हवीत, असं तो सांगत होता. सागतोडीवरचे दहा-बारा गडी तयार झाले. खंडोजीही झाला.

निघायच्या दिवशी भवानीबाईनं त्याला भाकऱ्या बांधून दिल्या आणि ती आत गेली. बकुळा वेशीपर्यंत आली.

"भोयाचं पोर आणि दगड फोडणार," ती म्हणाली.

"तलावात मासा असता तर कशाला गेलो असतो?"

"आला तर याल?"

तो हसला. "कुठून येणार? आभाळातून?"

"मी विचारते त्याचं उत्तर द्या. आला तर याल?"

"मासा आला तर धावत येईन," तो म्हणाला आणि वळून चालू लागला. बकुळा वेशीवर उभी राहिली. पुढे गेलेल्या गड्यांना त्यानं हाक मारली, ती तिला ऐकू आली. मग तेही ऐकू येईनासं झालं.

पहिल्या दिवाळीला तो येऊन गेला. नखांत, कानांत, डोळ्यांच्या कडांना काळी भुकटी बसलेली. चार दिवसांत तीनदा तलावावर जाऊन बसला. पाचव्या दिवशी परत गेला. त्यानंतर निरोप यायचे. मग निरोपही थांबले.

बकुळेनं त्याचं ते हसत दिलेलं उत्तर मात्र खरं धरलं होतं. मासा आभाळातून येणार नाही हे तिलाही माहीत होतं, पण नर्मदेत मासा होता. धारहून वीस कोसांवर, घाट उतरून धरमपुरीला. पावसाळ्यात नदी फुगली की काठच्या डबक्यांत माशांची पिल्लं येतात, जिऱ्याच्या दाण्याएवढी. देवासला बापाच्या तोंडून तिनं ते ऐकलं होतं. तिथून पिल्लं आणून तलावात सोडायची.

घरात हे बोलल्यावर खंडोजीचा चुलतभाऊ दत्ताजी म्हणाला, "वहिनी, वीस कोस? मडक्यातला मासा वीस कोस जगतो व्हय?"

"बघितलंय का कुणी नेऊन?"

दत्ताजीनं बघितलं नव्हतं. तलाव दरबारचा, म्हणून आधी दत्तोपंतांना विचारावं लागलं. ते बागा आणि तलावांकडचे कारकून. आयुष्यात मासळीला हात न लावलेले. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "जिवंत मासे आणून पाण्यात सोडायचे? म्हणजे मारायचे नाहीत ना? मग हरकत कसली? पुण्यच आहे."

पहिल्या आषाढात ती आणि दत्ताजी धरमपुरीला गेले. तिथं गेंदालाल नावाच्या केवटानं त्यांना धोतराच्या पदरानं पिल्लं गाळून दिली. केवट त्यांना जीराच म्हणत. बकुळेनं मडकी काठोकाठ भरली, तोंडाला फडकी बांधली. दत्ताजीनं कावड घेतली, तिनं डोक्यावर एक मडकं घेतलं. धामनोदला आग्रा-रस्ता ओलांडून ते घाटाला लागले. घाटमाथ्यावर तिनं फडकं सोडलं. पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती, चिमूटभर तांदूळ टाकल्यासारखी. एकही हलत नव्हतं.

पुढच्या वर्षी बैलगाडी केली. लवकर पोचू असं वाटलं होतं. गाडीच्या धक्क्यांनी पिल्लं मडक्यांच्या कडांवर आपटत राहिली. नालछ्याला बैल सोडले तेव्हा थोडी जिवंत होती, धारच्या वेशीवर एकही उरलं नव्हतं. बकुळा मडकी तशीच गाडीत ठेवून तलावावर गेली आणि पायऱ्यांवर बसून राहिली. खाणीवरून त्या सबंध वर्षात एकही निरोप आला नव्हता.

ती घरी आली तेव्हा भवानीबाई अंगणात लसूण सोलत होती. दोन्ही खेपांबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती. आता तिनं विचारलं, "मडकी किती भरलीस?"

"काठापर्यंत."

"आणि विसावा घेताना खाली ठेवलीस."

"हो."

"पालखी खाली ठेवतात का मध्येच? आत बसलेल्या माणसाला झोप लागली पाहिजे, पण पालखी हलती राहिली पाहिजे. तुझा सासरा म्हणायचा, पाय जमीन सोडत नाहीत, नुसते सरकतात. पाणी तसं न्यायचं. गाडीनं नाही, डोक्यावरूनही नाही. भोयाच्या खांद्यावरून." मग लसणाकडे बघत म्हणाली, "आणि सोबत कोण येवो न येवो, एक कावड तू घे. तलावाच्या पलीकडच्या टोकाला काय चालायचं, ते मला माहीत होतं."

बकुळा सासूशेजारी बसून लसूण सोलू लागली.

तिसऱ्या वर्षी आषाढ लागायच्या आधीपासून भवानीबाईनं तिला अंगणात कावड घेऊन चालायला लावलं. बाईनं खांद्यावर कावड घ्यायची हे गल्लीतल्या पुरुषांना चमत्कारिक वाटलं. कुणी हसलं, कुणी दत्ताजीला टोचून बोललं. दत्ताजी आधी लाजला, मग चिडला आणि शेवटी आपल्या दोन भावांना घेऊन स्वतःच तयार झाला.

धरमपुरीला गेंदालालनं तिला ओळखलं. "आ गई बाई? इस बार आधे घड़े भरना," तो म्हणाला. "ऊपर हवा रहने दो. मुट्ठीभर लाल मिट्टी डालो. जो मरे उसको तुरंत निकालो, नहीं तो बाकी को भी ले जाएगा."

एका मडक्यात त्यानं चुकून सोनेरी झाकेची पिल्लं घातली होती. त्यानं ती पुन्हा नदीत ओतली. "ये बाडस है. ये तालाब में नहीं रहती. इसको बहता पानी चाहिए, बंद पानी में दुबली होके मर जाती है." बकुळा रिकाम्या मडक्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग त्यात पुन्हा जीरा भरून घेऊन म्हणाली, "चला."

चार कावडी, आठ मडकी. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. पाणी मडक्यात डुचमळत राहिलं पाहिजे, उसळता कामा नये. विसावा घ्यायचा तर दोघांनी बसायचं आणि दोघांनी मडकी हातानं हलवत राहायचं. दत्ताजी पुढे राहून खड्डा, चढ, दगड सांगत होता. त्याचा आवाज चिरका होता. बकुळा मागे तो ऐकत चालत होती आणि दुसराच एक आवाज आठवत होती. घाटात तिच्या खांद्याचं कातडं गेलं. पदराची घडी करून तिनं आडव्या काठीखाली घातली आणि खांदा बदलला.

नालछ्याच्या जंगलनाक्यावर नाकेदारानं हात आडवा केला. "घड्यांत काय आहे? मध? लाख? थांबा, बघू द्या."

"मासे आहेत, थांबता येत नाही," बकुळा न थांबता म्हणाली. "बघायचं तर सोबत चला."

नाकेदार चिडून सोबत चालू लागला. चालता चालता त्यानं फडक्याची कड उचलून आत पाहिलं. मग त्याचा चेहरा बदलला. "अरे भिया, ये तो ज़िंदा हैं!" तो म्हणाला आणि नाका सोडून पाव कोस त्यांच्याबरोबर आला. वाटेत ओढा लागला तेव्हा मडक्यांतलं थोडं थोडं पाणी बदलायला त्यानंच मदत केली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या सुमाराला ते तलावावर पोचले. बकुळेनं मडकी लगेच ओतू दिली नाहीत. तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी एकसारखं होईपर्यंत. मग एकेक आडवं केलं. निम्मीअधिक पिल्लं जिवंत होती. ती मडक्याच्या तोंडाशी थोडी घुटमळली आणि धूर पांगावा तशी तलावात पांगली. दत्तोपंत पायऱ्यांवर उभे होते. त्यांनी नकळत हात जोडले.

दोन वर्षं कुणी जाळं टाकू नये असा दरबारचा हुकूम दत्तोपंतांनी मिळवला. त्या दोन वर्षांत बकुळेनं आणखी दोन खेपा केल्या. रोज टोपली घेऊन फिरताना, आता टोपलीत भाजी असे, ती तलावावरून जायची. पहिल्यांदा पाण्यावर मोठा गोल उमटलेला तिनं पाहिला तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघालं, "बघितलंत का?" बाजूला कुणी नव्हतं.

तिसऱ्या वर्षी माघात भवानीबाईनं खुंटीवरचं जाळं काढून तिच्यापुढे टाकलं. बकुळेनं ते भरदिवसा, सगळ्यांच्या देखत, तलावात फेकलं. हाताएवढे काळे चकचकीत मासे आले. काठावर गलका झाला. तिनं त्यातला एक निवडून पुन्हा पाण्यात सोडला आणि तशीच ओल्या लुगड्यानं दत्तोपंतांच्या कचेरीत गेली.

"मला एक कार्ड लिहून द्या. खाणीवर."

दत्तोपंतांनी टाक उचलला. खाणीवरचा मुनशी हिंदी वाचणारा, म्हणून हिंदीत लिहिलं: तालाब में मछली आ गई है. "पुढे काय लिहू?"

"एवढंच."

"अगं, सहा वर्षं झाली माणसाला जाऊन. कुशल विचार, आईचं लिही, तुझं लिही."

"एवढंच लिहा," बकुळा म्हणाली. "त्यांना कळेल."

चैत्र गेला, वैशाख गेला. ती डाकवाल्याला विचारायची नाही, पण तो गल्लीत येण्याच्या वेळी दारात काहीतरी निवडत बसलेली असायची. आषाढात पुन्हा धरमपुरीला जाऊन आली. दसरा झाला. दत्ताजी एकदा म्हणाला, "वहिनी, माणूस तिथून दुसरीकडे गेला असेल."

कार्तिकातल्या एका दुपारी ती अंगणात जाळ्याची तुटलेली घरं विणत होती. गल्लीच्या तोंडाकडून कुणीतरी ओरडलं, "बकुळे!" एवढ्या मोठ्यानं की शेजारणी दारात आल्या. आवाज सपाट, खरखरीत, कुठं चढवायचा न् कुठं उतरवायचा हे ठाऊक नसल्यासारखा. तो कुणाचा ते तिला कळलं नाही. तिनं वर पाहिलं तर खंडोजी उभा होता. केस पिकलेले, खांदे उतरलेले, अंगावर धूळ.

ती उठली. मांडीवरचं जाळं पायात अडकलं. "जेवलात?" तिनं विचारलं.

तो हसला.

"वाटेत काही खाल्लंत का?"

तो तसाच हसत राहिला, तिच्या ओठांकडे बघत. भवानीबाई आतून दाराशी आली होती. तिनं मुलाकडे पाहिलं, त्याच्या हसण्याकडे पाहिलं, आणि भिंतीला हात टेकून म्हणाली, "त्याला ऐकू येत नाही गं."

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं, त्या नव्या मोठ्या आवाजात. सुरुंग लावून दगड फोडत. एक सुरुंग उडाला नाही असं वाटून तो जवळ गेला आणि तो उडाला. अंगावर ओरखडेसुद्धा थोडेच आले, कान मात्र गेले. त्यानंतर त्याला दगड निवडायला बसवलं. ऐकू न येणाऱ्या भोयाला पालखीला कोण लावणार, आणि तलाव तर रिकामाच, घरी जाऊन करायचं काय, म्हणून तो तिथंच राहिला. कार्ड आलं तेव्हा मुनशीनं ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. थोडंफार ऐकू येतं असं त्यानं भासवलं होतं, आता चारचौघांत उघडं कसं पडायचं, म्हणून त्यानं मान डोलावली. मुनशीनं कार्ड त्याच्या हातात दिलं, अक्षरओळख नसल्यानं त्यानं ते तसंच मुंडाशात खोचलं. सात-आठ महिने ते तिथंच होतं. मग नालछ्याचा एक गडी घरी निघाला. जाताना त्यानं खंडोजीपुढे येऊन तळहात जोडून मासा पोहतो तसे हलवले, धारच्या दिशेला बोट केलं आणि 'तू अजून इथं कसा?' असं कपाळावर हात मारून दाखवलं.

"दुसऱ्या दिवशी निघालो," खंडोजी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "धावत नाही आलो. गुडघा दुखतो."

तलावावर तो रोज येऊन बसू लागला. बकुळा जाळं टाकी, तो ओढायला हात लावी. मासे बघून त्याला आनंद होई, ते त्याच्या तोंडावर दिसे. पण सहा वर्षं बकुळेनं त्याला सांगायच्या गोष्टी मनात साठवल्या होत्या. घाटमाथ्यावरची पांढरी पोटं, सासूचा लसूण, नालछ्याचा नाकेदार. खुणांनी भूक सांगता येत होती, पाऊस सांगता येत होता, दत्ताजीची थट्टासुद्धा करता येत होती. या गोष्टी सांगता येत नव्हत्या. आणि तिला त्याचा जुना आवाज हवा होता. तो माणूस रोज समोर जेवायला बसत होता आणि तिला त्याची वाट बघायची सवय सुटत नव्हती. दत्तोपंतांच्या बायकोनं, माईंनी, एकदा विचारलं, "आता सुखात आहेस ना गं?" बकुळा म्हणाली, "हो माई, आले ते." मग दारातून परत फिरून म्हणाली, "पण बाजारात असले की अजून कान देते मी. सवय आहे."

पुढच्या आषाढात खंडोजी म्हणाला, "मी येतो धरमपुरीला."

जाताना काही अडचण आली नाही. परतताना कावडी उचलल्या आणि त्याची पावलं चुकू लागली. दत्ताजीचं बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं. खड्डा कळत नव्हता, लय कळत नव्हती, मडक्यांतलं पाणी उसळत होतं. कोसभरानं त्यानं स्वतःच कावड सोबत आलेल्या गेंदालालच्या पुतण्याकडे दिली आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. चेहरा असा की बकुळेला बघवेना. ती त्याच्याजवळ आली. त्याचा हात धरून तिनं आपल्या कावडीच्या मागच्या टोकावर ठेवला.

तो मागे चालू लागला. काठी जशी हलेल तसं त्याचं पाऊल पडू लागलं. थोड्या वेळानं तिच्या खांद्यावरचं ओझं हलकं झालं. त्यानं मागचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं होतं.

घाट लागला. दत्ताजी आणि बाकीचे पुढे गेले. तेव्हा बकुळा बोलायला लागली. मागे न बघता, पाऊल न चुकवता. पहिल्या खेपेपासून सुरुवात केली. कसं फडकं सोडलं, कसं रडू आलं नाही, कसा राग आला, तुमचाच राग आला, असं तिनं सांगितलं. दिवाळीला चार दिवस येऊन गेलात आणि तलावाकडेच बघत बसलात, माझ्याकडे नाही, हेही सांगितलं. मुलीचं नाव तिनं अकरा वर्षांनी तोंडातून काढलं, दोनदा काढलं. आज ती असती तर किती वर्षांची असती ते सांगितलं. नालछ्यापर्यंत ती बोलत होती. मध्ये थांबली की मागून काठी किंचित हलायची. त्याला तिचा श्वास काठीतून कळत असेल, किंवा नुसता उतार आला असेल.

त्यानंतर दरवर्षी दोघं अशीच एका कावडीला जात. जाताना ती गप्प असे, येताना बोले. धारच्या वेशीवर आलं की पुन्हा गप्प.

सात खेपा झाल्या. आठवी झाली त्या वर्षी दिवाळीच्या आधी गावात तापाची साथ आली. घराघरांत माणसं आडवी झाली. खंडोजी चार दिवसांत गेला. बकुळा त्याच्या उशाशी होती. शेवटी शेवटी तो हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होता, आणि तिनं कान अगदी जवळ नेला, पण शब्द लागले नाहीत.

पुढच्या आषाढात ती धरमपुरीला जाणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं. ती गेली. दत्ताजीची धाकटी सून दुर्गा सोबत होती. गेंदालाल म्हातारा झाला होता, त्यानं मागे कुणी आहे का ते पाहिलं. मडकी भरून दिली.

घाटात दुर्गा काठीच्या मागच्या टोकाला होती. तरुण पोर, पाय हलके, लय पटकन धरली. अर्धा घाट झाला तरी पुढून शब्द येईना. तिनं घरात ऐकलं होतं की काकी या वाटेवर खूप बोलतात.

"काकी," ती म्हणाली, "काहीतरी बोला ना. वाट सरत नाही."

बकुळा चालत राहिली. वळण आलं, तिनं दगड सांगितला. वळण गेल्यावर ती म्हणाली, "तुला ऐकू येतं गं. कसं बोलू?"